किती हातांना काम दिलं?

महाळुंगे म्हटलं की पुण्यातल्या माणसाला बालेवाडीचं स्टेडियम आठवतं. ते महाळुंगे वेगळं. आमचं महाळुंगे इंगळे, तालुका खेड, चाकण एमआयडीसी. कुरिअरवाले अजूनही गोंधळतात. इथे बजाजचा मोटरसायकलचा कारखाना आहे, आसपास सुटे भाग बनवणारे वेंडर आहेत, वेंडरांचे वेंडर आहेत आणि या सगळ्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार आहेत. अशाच एका वेंडरकडे मी एचआर-अ‍ॅडमिनचं काम करते. कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' छापलंय. प्रत्यक्षात मस्टर, पीएफ, ईएसआयसी, गेटपास, आणि कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नसेल तर त्याची हजेरी हाताने लावणं. (ऑइलमध्ये काम करणाऱ्यांचे अंगठे खरंच उमटत नाहीत.)

हे आधीच सांगितलं, कारण उमेदवारांचे कागद मी कुठल्या नजरेनं वाचते ते तुम्हाला कळावं. राजकारणाचा माझा अभ्यास नाही. कागदांचा आहे. तीस दिवसांच्या सह्या एकाच दिवशी एकाच पेनाने झाल्या असतील तर ते मला लांबून दिसतं.

आमचा लोकसभा मतदारसंघ शिरूर. जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर, म्हणजे उसातल्या बिबट्यापासून मगरपट्ट्यातल्या आयटीवाल्यापर्यंत सगळे एका यादीत. देशातल्या मोठ्या वाहन-पट्ट्यांपैकी एक इथे आहे, पण निवडणुकीत कारखाने फारसे दिसत नाहीत. बैलगाडा शर्यत दिसते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना वाट मोकळी करून दिली, मे 2023 मध्ये त्यावर शिक्का मारला, आणि त्याचं श्रेय दोन्हीकडच्या फ्लेक्सवर होतं. खेड-चाकणकडचा विमानतळ पुरंदरला कुणामुळे गेला, हे असतं. पुणे-नाशिक रेल्वे असते. तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी असते, पण ती निवडणूक नसतानाही असते.

2024 च्या लढतीत मात्र एक कंपनी आली. थेट नावानिशी.

एका बाजूला डॉ. अमोल कोल्हे होते, मावळते खासदार. टीव्हीवरचे संभाजी महाराज. दुसऱ्या बाजूला शिवाजीराव आढळराव पाटील. त्यांची गोष्ट या भागात सगळ्यांना पाठ आहे: आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचा मुलगा मुंबईला गेला, तिथे डायनालॉग इंडिया नावाची इलेक्ट्रॉनिक्समधली कंपनी उभी केली आणि मग राजकारणात आला. 2004 मध्ये तेव्हाच्या खेड मतदारसंघातून, 2009 आणि 2014 मध्ये शिरूरमधून, असा तीनदा शिवसेनेचा खासदार. 2019 मध्ये कोल्ह्यांनी त्यांना 58,483 मतांनी हरवलं. 2024 मध्ये ते अजित पवारांच्या राष्ट्रवादीचं घड्याळ घेऊन पुन्हा उभे राहिले. त्यांच्या बाजूचं बोलणं साधारण असं होतं, की समोर अभिनेता आहे आणि आमचा माणूस उद्योजक आहे. अभिनेता बोलतो, उद्योजक करून दाखवतो.

कोल्ह्यांनी मग त्या 'उद्योजक' शब्दालाच हात घातला. त्यांचा आरोप असा होता, की आढळरावांनी खासदार असताना लोकसभेत संरक्षण खात्याबद्दल जे प्रश्न विचारले ते मतदारसंघासाठी नव्हते, स्वतःच्या कंपनीच्या हिताचे होते. आढळरावांनी आरोप साफ फेटाळला आणि सिद्ध करून दाखवण्याचं आव्हान दिलं. दोनचार दिवस चॅनेलवर हेच चाललं. आमच्या कँटीनमध्येही. आमच्या डाय-फिटरदादांनी त्यावर विचारलं, "मॅडम, तुमी तर कागदातल्या. बघा की काय ते."

म्हणून बघायला बसले. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, खोलीवर, फोनवर.

*

संसदेतले प्रश्न कुणालाही वाचता येतात, हे मला तेव्हा कळलं. लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव टाकलं की त्याचे प्रश्न येतात, मंत्र्यांची उत्तरं येतात. अधिवेशनात दिवसाला 20 तारांकित प्रश्न असतात, ज्यांना मंत्री उभे राहून उत्तर देतात, आणि 230 अतारांकित, ज्यांचं उत्तर फक्त कागदावर मिळतं. नंबर लागतो तो सोडतीने. म्हणून हुशार खासदार सगळ्या खात्यांवर भरपूर प्रश्न टाकत राहतात. एकेका प्रश्नावर चार-पाच खासदारांची नावं असतात. आढळराव यात मागे नव्हते. सोळाव्या लोकसभेत सर्वांत जास्त प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव होतं, आणि त्या यादीत महाराष्ट्राचेच खासदार जास्त होते.

आता यात एखाद्या खात्याचे प्रश्न सापडले तर त्याचा अर्थ काय? जो सगळ्याच खात्यांना प्रश्न विचारतो, तो संरक्षण खात्यालाही विचारणार. हा झाला एका बाजूचा युक्तिवाद. दुसरी बाजू म्हणेल, संख्या मोजू नका, विषय बघा. माझं मत असं झालं, की नुसते प्रश्न वाचून यातलं काहीच ठरत नाही. मस्टरवरून माणूस आला होता एवढं कळतं, त्याने काम काय केलं ते कळत नाही. त्यासाठी दुसरा कागद शेजारी ठेवावा लागतो. इथे तो दुसरा कागद म्हणजे कंपनीला कुणाकडून, कधी, कसल्या ऑर्डरी मिळाल्या.

तो कुठे मिळतो? थोडाफार शपथपत्रात. उमेदवाराला अर्जासोबत फॉर्म 26 भरावा लागतो. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदाराला उमेदवाराबद्दल माहिती मिळण्याचा हक्क आहे असं म्हटलं, त्यानंतर ही पद्धत आली. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. फेब्रुवारी 2018 च्या 'लोकप्रहरी' निकालाने त्यात भर टाकली: उत्पन्नाचा स्रोत कोणता आणि सरकारशी काही कंत्राटं आहेत का. उमेदवार, जोडीदार, अवलंबून असणारे, त्यांच्या भागीदारी संस्था, त्यांचे शेअर असलेल्या खासगी कंपन्या, या सगळ्यांच्या कंत्राटांचा रकाना आता आहे. चांगला रकाना आहे. पण निवडणूक अधिकारी तो भरलाय का एवढंच बघतो, खरा आहे का ते बघणं त्याचं काम नाही. खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 125-अ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे, ती लागण्यासाठी आधी कुणीतरी मागे लागावं लागतं. आणि कंत्राटाच्या तारखेशेजारी प्रश्नाची तारीख लावून बघणारं टेबल कुठल्याच कार्यालयात नाही.

त्याच कायद्यात 9-अ कलमही आहे. सरकारशी माल पुरवण्याचं कंत्राट चालू असेल तर माणूस खासदार होऊ शकत नाही. मी ते वाचून खूश झाले, मग नीट वाचलं. कंत्राट 'त्याने' केलेलं असलं पाहिजे. कायद्याच्या लेखी कंपनी ही वेगळीच व्यक्ती असते. हे मला खरं तर आधीच समजायला हवं, कारण रोज बघते: माणसं एका कंपनीत राबतात, त्यांच्या कार्डावर दुसऱ्याच कंपनीचं नाव असतं, आणि दोन्हीचा शेठ एकच.

म्हणजे आरोप करणाऱ्याला सिद्ध करता आला नाही, ज्याच्यावर झाला त्याला पूर्ण पुसता आला नाही, आणि मधल्या माणसाला तपासायची सोय नाही. 13 मे ला मतदान झालं. कोल्हे 1,40,951 मतांनी निवडून आले. त्यानंतर डायनालॉगचं नाव मी कँटीनमध्ये ऐकलं नाही.

(कोल्ह्यांचीही एक निर्मितीसंस्था आहे, जगदंब क्रिएशन. मालिकेच्या सेटवर स्पॉटदादा असतात, लाइटवाले असतात, घोडे सांभाळणारे असतात. त्यांचंही मस्टर असणारच. ते कुणी मागितलं नाही. आम्ही सगळे एपिसोड बघत होतो.)

पण मला खटकलेली गोष्ट वेगळीच. भांडण सगळं कंपनीला काय मिळालं यावर झालं. कंपनीत कोण होतं, किती होते, किती टिकले, हे कुणीच विचारलं नाही. फॉर्म 26 मध्ये दागिन्यांच्या ग्रॅमला जागा आहे. कामगारांना नाही.

*

लहान कंपनीचं जाऊ द्या, मोठीचं तरी कळतं का? आमच्या दारातलंच उदाहरण आहे. राहुल बजाज 2006 ते 2010 राज्यसभेत होते, महाराष्ट्रातून, अपक्ष. प्रमोद महाजनांच्या मृत्यूने रिकामी झालेली जागा. राष्ट्रवादी, भाजप, शिवसेना सगळ्यांनी त्यांना पाठिंबा दिला आणि काँग्रेसचे उमेदवार पडले. मतदार होते आमदार. म्हणजे 'तुम्ही मालक म्हणून कसे होतात' हा प्रश्न घेऊन त्यांच्यासमोर उभं राहण्याची वेळ कुणा कामगार-मतदाराला आलीच नाही.

आणि प्रश्न अगदी ताजा होता. सप्टेंबर 2007 मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं. आकुर्डी म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या दोन पिढ्यांची चूल. उत्तराखंडातल्या पंतनगरला करसवलत होती, तिथे नवा कारखाना सुरू झाला होता, आकुर्डीत गाडी बनवणं महाग पडत होतं. कंपनीच्या हिशेबाने निर्णय बरोबरच असेल, मी त्यावर वाद घालणार नाही. कामगारांना लगेच रस्त्यावर काढलं असंही झालं नाही; काम बंद, पगार चालू, आणि मग स्वेच्छानिवृत्तीची बोलणी. पण त्या दिवशी कंपनीचा अध्यक्ष राज्यातला खासदार होता, आणि राज्याचं हित व कंपनीचं हित दोन वेगळ्या दिशांना चाललेले होते. हे मला सगळ्या आरोप-प्रत्यारोपांपेक्षा जास्त विचार करण्यासारखं वाटतं. यात चोरी काहीच नाही, सगळं उघड आहे. तरी खासदार म्हणून त्या माणसाने कुठे उभं राहायचं होतं, याचं उत्तर मला सुचत नाही.

राहुल बजाज नोव्हेंबर 2019 मध्ये भर कार्यक्रमात अमित शहांसमोर म्हणाले होते की उद्योगपती तुमच्यावर टीका करायला घाबरतात. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. माझ्या फोनवर तो तीन ग्रुपांतून आला. धाडसी माणूस, हे खरंच. पण आकुर्डीचं 2007 आणि मुंबईतलं हे बोलणं एकाच माणसाच्या खात्यावर आहे आणि दोन्ही वाचायला हवीत.

2013 मध्ये तर इथे महाळुंग्यातच संप झाला, जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, जवळपास 50 दिवस. विश्वकल्याण कामगार संघटनेची मागणी मोठी मजेशीर होती, म्हणजे मला तरी ऐकून हसू आलं होतं आणि मग आलं नाही: प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर, एक रुपयाला एक. कंपनी भागधारकांसाठी चालते ना, मग आम्हाला भागधारक करा. व्यवस्थापनाने नाही म्हटलं, उत्पादन वाळूज आणि पंतनगरला हलवण्याची भाषा झाली, आणि शेअर न घेताच लोक कामावर परतले. तेव्हा राहुल बजाज खासदार नव्हते. असते तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. काहीच नाही, बहुतेक.

शेअर बाजारातल्या कंपन्यांचं निदान थोडं कळतं. कंपनी कायद्याप्रमाणे संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे ते वार्षिक अहवालात छापावं लागतं. पहिल्या हजार कंपन्यांना कायम कामगार किती आणि बिगर-कायम किती हेही आता सांगावं लागतं. बाजारात नसलेल्या कंपनीचे कागद सरकारी पोर्टलवर 100 रुपये भरून बघता येतात, पण त्यात कर्मचाऱ्यांवर झालेला एकूण खर्च असतो. माणसं नसतात. त्यातही ठेकेदाराची माणसं बऱ्याचदा 'मजुरी खर्च' किंवा 'इतर सेवा' अशा नावाखाली जाऊन बसतात, पॅकिंग मटेरियलच्या शेजारी.

*

अमेरिकेत 1994 मध्ये एक झालं होतं, ते मला फार आवडतं. मिट रॉम्नी मॅसॅच्युसेट्समधून सिनेटला उभे होते, टेड केनेडींच्या विरुद्ध. बेन कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी चालवलेला माणूस, आणि प्रचार हाच की मी धंदा केलाय, नोकऱ्या निर्माण केल्यात. बेनच्या ताब्यातल्या अ‍ॅम्पॅड कंपनीने त्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या मेरियन गावचा वह्या-कागदांचा कारखाना घेतला होता. तिथल्या कामगारांना काढून, पुन्हा अर्ज करायला लावून कमी पगारावर घेतलं गेलं. ते संपावर गेले. आणि त्यातले काही जण उठून थेट मॅसॅच्युसेट्सला आले. दुसऱ्या राज्यात. त्यांना तिथे मत नव्हतं. ते फक्त सांगायला आले होते. रॉम्नी म्हणाले, मी त्या काळात कंपनीतून रजेवर होतो, निर्णय माझा नाही. ते खरंही होतं. तरी हरले, आणि 2012 मध्ये अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा बेनच्या जुन्या कामगारांच्या गोष्टी पुन्हा बाहेर आल्याच.

आपल्याकडे हे का होत नाही, याचं उत्तर मला मस्टरमध्येच दिसतं. पत्त्याच्या रकान्यात. जिंतूर, वसमत, उमरखेड, मेहकर, गया, देवरिया. मतदान करायला कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 135-ब कलम. ती नोटीस दर वेळी मीच बोर्डावर लावते. 2024 मध्ये परभणी, हिंगोली, नांदेडला 26 एप्रिलला मतदान होतं, लातूर-धाराशिवला 7 मे ला, आमच्याकडे 13 मे ला. कागदावर सुट्टी एक दिवसाची. ट्रॅव्हल्सने जायला एक रात्र, यायला एक रात्र, तिकिटाचा भाव निवडणुकीमुळे वाढलेला, आणि महिन्याचा अटेंडन्स बोनस एका खाड्याने जातो. गेले ते थोडे. राहिले त्यांना 13 मे ला सुट्टी मिळाली, ती त्यांनी खोलीवर झोपून काढली, कारण त्यांचं नाव इथल्या यादीत नाही.

म्हणजे इथल्या उद्योजकाला मालक म्हणून आतून ओळखणारी माणसं त्याचे मतदार नसतात. आणि त्याचे मतदार, मूळ गावकरी, त्याला मालक म्हणून नाही तर खोल्या भाड्याने चढवणारा, गाड्या लावून देणारा, मुलाला सिक्युरिटीत चिकटवणारा भाऊ म्हणून ओळखतात. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. त्या एका खोलीत कधी बसत नाहीत एवढंच. मी स्वतः जिंतूर तालुक्यातली. माझं नाव 2023 मध्ये अ‍ॅपवरून इकडे हलवून घेतलं. खोलीमालकीणकाकूंनी विचारलं, "कशाला गं? तू काय कायमची राहणारेस का?"

*

आता आमच्या शेठची गोष्ट. नाव लिहीत नाही. तसंही या पट्ट्यात असे शेठ इतके आहेत की लिहूनही कळलं नसतं कुठले.

पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि प्रशासक आला. तेव्हापासून निवडणूक लागणार, लागणार असं चाललेलं, आणि शेठ तयारीत. लोकसभेचा गुलाल खाली बसल्यावर एकदा मला केबिनमध्ये बोलावलं. माहितीपत्रक करायचं होतं. चार पानी, चकचकीत. बैलगाडीसोबत फोटो, दिंडीसोबत फोटो, शाळेला दिलेला वॉटर प्युरिफायर. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: 'हातांना काम देणारा माणूस'. खाली आकडा हवा होता.

"तेवढं काढून द्या मॅडम. आपण किती जणांना रोजगार दिला."

मी म्हटलं, "शेठ, कुठला आकडा?"

"म्हणजे? आकडा एकच असतो की."

एकच नसतो. आज मस्टरवर किती माणसं आहेत, हा एक आकडा. आजपर्यंत किती टोकन नंबर दिले, हा दुसरा. सलग वर्षभर किती जण टिकले, हा तिसरा. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये खूप अंतर असतं, आणि तिसरा फार लहान असतो. कारण 240 दिवस. वर्षात 240 दिवस भरले की माणसाची नोकरी कायद्याच्या नजरेत पक्की होऊ लागते, त्याला काढणं अवघड होतं. म्हणून सहा-सात महिन्यांनी ब्रेक. ब्रेक म्हणजे घरी जा, महिनाभराने ये, नवा फॉर्म, नवं टोकन. आमच्याकडेच असं चालतं असं नाही. या भागात 'तुझा ब्रेक कधी आहे' हा प्रश्न लग्न कधी आहे इतक्या सहज विचारतात. काही वर्षांपूर्वी 'नीम' योजनेतले ट्रेनी असायचे, ते तर कामगारच नव्हते, कागदावर शिकणारे होते. त्यांनाही टोकन होतं.

एक्सेलमध्ये तीन रकाने करून दिले. मस्टर, टोकन, वर्ष पूर्ण. खाली एक ओळही टाकली, की टोकनच्या रकान्यात तोच माणूस दोनदा-तीनदा मोजला गेला आहे, कारण ब्रेकनंतर नंबर बदलतो. शेठनी चष्मा लावून वाचलं. रागावले नाहीत. माणूस तसा वाईट नाही. लॉकडाऊनमध्ये महिनाभर सगळ्या खोल्यांवर शिधा पोचवला होता, पदरचा, हे मी स्वतः बघितलेलं नसलं तरी अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि माहितीपत्रकात ते टाका असं मीच सुचवलं. ते म्हणाले, "मधला घ्या. टोकन दिलं म्हणजे काम दिलंच ना?" मग थोडं थांबून, "राउंड करा. 1,200. आणि माणसं नका लिहू, हात लिहा. बरं दिसतं."

मी म्हटलं, "हात लिहिलं तर दुप्पट होतील."

ते मनापासून हसले. "तुमचं गणित बेकार आहे मॅडम."

टोकनचा रकाना काढताना मी जुनी रजिस्टरं चाळली होती, माझ्या आधीच्या माणसाच्या अक्षरातली. त्यात एक नोंद वेगळी दिसली. म्हणजे बाकी कुणाला दिसली नसती. टोकन 317, पॉवर प्रेस, रुजू दिनांक 3 मार्च. ईएसआयसीची नोंदणी 21 मार्च. अपघाताचा अहवाल, तोही 21 मार्च. अठरा दिवस त्याचं नाव विम्यात नव्हतं. ज्या दिवशी प्रेस खाली आला, त्या दिवशी ते चढलं.

डाय-फिटरदादांना आठवत होतं. बुलढाण्याकडचा पोरगा, वीस-एकवीसचा. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात साच्यात राहू शकत नाहीत. प्रॉडक्शनची घाई होती, एका बटणाला टेप लावून ठेवलेली. एका हाताने बटण, दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. "उजव्या हाताची दोन बोटं," दादा म्हणाले. आणि मग, "टेप कुणी लावायला सांगितली ते इचारू नका. सगळेच लावत्यात."

ईएसआयसीने त्याचं अपंगत्व मान्य केलं, महिन्याला थोडी रक्कम चालू झाली, म्हणजे तेवढं उशिरा का होईना झालं. नोंदणी त्या दिवशीही झाली नसती तर तेवढंही नाही. पोरगा गावाला गेला. पुन्हा आला नाही, त्यामुळे त्याला दुसरं टोकन मिळालं नाही.

माहितीपत्रक छापून आलं. कागद जाड आहे, रंग छान उठलेत. गठ्ठे शेठच्या केबिनमागच्या खोलीत, पावसाचं पाणी लागू नये म्हणून पॅलेटवर ठेवले होते, निवडणूक लागेपर्यंत. माझ्या एक्सेलमध्ये अजून तीनच रकाने आहेत. मधल्यात टोकन 317 मोजलेलं आहे. शेठच्या 1,200 हातांत तोही एक धरलाय.